तोंडोतोंडी

या अंकासाठी बारडोलीच्या स्वराज आश्रमावर लेख लिहून देईन, असे मी दिवाळीच्या सुटीपूर्वी वर्गशिक्षकांस मोठ्या ऐटीने सांगून टाकले होते. तो लेख लिहिला गेला नाही. आश्रमात मी गेलो, तेथे बसून वहीत टिपणेही केली. परंतु मामांच्या घरी त्या तीन आठवड्यांत जे घडले, त्याने माझे लक्ष सरदार पटेलांवरून मामींच्या दातांवर आणि आजीच्या गालाच्या आतल्या बाजूवर गेले. वाचकांनी याबद्दल मला क्षमा करावी.

नवापूरहून बारडोली फारशी दूर नाही. आमचे नवापूरचे स्थानकच अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत उभे आहे. गाडी सुटली की सोनगड, व्यारा, मढी ही स्थानके एकामागून एक येतात. मढीला खमणी घ्यावी, हा आमच्या घरचा शिरस्ता. यंदाही खमणीचा पुडा मामींच्या हाती ठेवून मी पाणी मागितले. त्यांनी मला माठातले गार पाणी दिले, आणि स्वतः मात्र शेगडीवरच्या पातेल्यातले कोमट पाणी घेतले. घाम फुटावा असे ते ऊन होते. मला नवल वाटले व मी कारण विचारले.

मामी हसून म्हणाल्या, "गार पाणी लागले की दातांतून कळ मस्तकात जाते रे. तुझ्याच औषधाचा गुण!"

ते औषध कोणते, हे आठवायला मला क्षणभर लागला. दोन-अडीच महिन्यांपूर्वी भ्रमणध्वनीवर मला एक चित्रफीत आली होती. लिंबाचा रस आणि मीठ एकत्र करून रोज सकाळी दातांवर चोळावे, पंधरा दिवसांत दात मोत्यासारखे होतात, आणि दंतवैद्य हे तुम्हांस कधीच सांगणार नाहीत, असा तिचा आशय होता. मी ती शेवटपर्यंत पाहिलीही नव्हती. तरी 'अवश्य करून पाहा' असे चार शब्द वर जोडून मी ती आमच्या कुटुंबाच्या गटावर पाठवून दिली. स्वतः मी एकदाही लिंबू दातांस लावले नव्हते. त्या निरोपावर सोळा जणांनी पसंतीचा अंगठा उमटवला होता. ते मोजल्याचे मला पक्के स्मरते, कारण त्या दिवशी मला आपण काही लोकोपयोगी कार्य केल्यासारखे वाटले होते.

मामींनी दोन महिने न चुकता तो प्रयोग केला. "दुसऱ्या कोणी पाठवले असते तर मी पाहिलेसुद्धा नसते," त्या म्हणाल्या. "पण तू विज्ञानात पहिला येतोस ना?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मला अधिक लागले.

माझी मामेबहीण, जिला मी ताई म्हणतो, ती व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. लोक दंतवैद्याची निवड कोणाच्या सांगण्यावरून करतात, आणि इंटरनेटवरील अनोळखी माणसांच्या अभिप्रायांस त्यात कितपत वजन असते, हाच तिच्या प्रबंधाचा विषय होता. योगायोग असा की प्रश्नावलीचे कागद टेबलावर पसरलेले असतानाच मी अपराधी होऊन घरात शिरलो. तिने मला पुढे पुष्कळ राबवून घेतले. कागद मोजणे, उत्तरे वहीत उतरणे ही कामे माझ्याकडे आली. परंतु आधी तिने मला माझ्या औषधाची फोड करून सांगितली.

दातावरचे बाहेरचे कवच, ज्यास दंतवल्क म्हणतात, तो आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. हाडाहूनही तो कठीण असतो. पण त्याचे एक दुबळे अंग आहे, ते म्हणजे आम्ल. आम्लता मोजण्याचे जे माप आहे त्याचा आकडा सुमारे साडेपाचच्या खाली उतरला की दंतवल्कातले क्षार विरघळू लागतात. आणि लिंबाच्या रसाचा आकडा असतो दोन-अडीचच्या आसपास. आम्लाने मऊ झालेल्या कवचावर वरून मिठाचे खडे घासले म्हणजे ते झिजणारच. हाड मोडले तर सांधते, कातडी सोलवटली तर भरून येते. दंतवल्काचे तसे नाही. ते घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपलेल्या असतात. लाळेतले क्षार थोडीफार डागडुजी करतात, परंतु एकदा झिजून गेलेले कवच पुन्हा उगवत नाही. मामींचे दात पहिले पंधरा दिवस खरोखरच पांढरे दिसले होते. पुढे आतला पिवळसर भाग दिसू लागला व कळा सुरू झाल्या.

बारडोलीसारख्या गावात दातांविषयी बोलताना साखर टाळता येत नाही. येथील सहकारी साखर कारखाना १९५० च्या दशकातला. हंगामात उसाने भरलेल्या गाड्यांची रांग रस्त्यावर लागते आणि मळीचा तो गोड, किंचित आंबूस वास घराघरांत शिरतो. ताईने मला स्वीडनमधील एका प्रयोगाची हकीकत सांगितली. लुंड शहराजवळ व्हिपेहोम नावाचे मतिमंद रुग्णांचे रुग्णालय होते. १९४५ पासून काही वर्षे तेथील रुग्णांस निरनिराळ्या प्रकारे साखर देऊन त्यांच्या दातांची तपासणी करण्यात आली. जेवणासोबत खाल्लेल्या साखरेने दात तितकेसे किडले नाहीत. परंतु ज्यांना दोन जेवणांच्या मध्ये दातांस चिकटणाऱ्या गोळ्या दिल्या, त्यांचे दात भराभर किडले. किती साखर खाल्ली यापेक्षा किती वेळा आणि कशा रूपात खाल्ली यास महत्त्व आहे, हे ज्ञान जगास तेथून मिळाले. ते मिळवण्यासाठी ज्यांचे दात गेले, त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते. प्रयोगास मिठाईवाल्यांचा व साखरवाल्यांचाही पैसा लागलेला होता. हे ऐकल्यावर मला ते ज्ञानही काहीसे कडू लागले.

आता तोंडातून निघणाऱ्या दुसऱ्या वस्तूकडे, म्हणजे शब्दाकडे वळतो. ताईच्या शास्त्रात 'मौखिक प्रसार' हा एक स्वतंत्र विषय आहे. अमेरिकेतील डिकेटर या लहानशा शहरात १९४५ साली सुमारे आठशे स्त्रियांस प्रश्न विचारण्यात आले: बाजारातली वस्तू बदलली तर कोणाच्या सांगण्यावरून? चित्रपटास गेलात तर कोणाच्या? एलिहू कॅट्झ आणि पॉल लाझार्सफेल्ड यांनी त्यावरचा ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध केला. वर्तमानपत्र व रेडिओ यांहून शेजारीण, बहीण, मैत्रीण यांच्या शब्दाचे वजन अधिक भरले. यासाठी एवढा खटाटोप कशास, असे आमच्या आजीने विचारले असते. पण जे सर्वांस ठाऊक असते तेही मोजून पाहावे लागते, असे ताईचे म्हणणे.

गंमत अशी की, इतर भाषा या प्रकारास तोंडाचे नाव देतात, तर आपण 'कर्णोपकर्णी' असेही म्हणतो. गुपित फुटले तर ते 'षट्कर्णी' झाले म्हणतो. मराठीने बोलणाऱ्याच्या तोंडाबरोबर ऐकणाऱ्याचे कानही मोजले आहेत. पण हा हिशेब समोरासमोरच्या बोलण्याचा. माझ्या लिंबाच्या निरोपास किती कान लागले, हे मला आजही सांगता येणार नाही. मामींच्या बहिणीने तो पुढे पाठवला होता, आणि तिच्यापासून तो कोठे गेला ते तिलाही ठाऊक नाही. २०१८ साली अमेरिकेतील तिघा संशोधकांनी ट्विटरवर अकरा-बारा वर्षांत पसरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा माग काढला, तेव्हा खोटी बातमी खरीपेक्षा दूर, लवकर आणि अधिक लोकांपर्यंत जाते असे आढळले. तीत नवलाई असते, हे त्यांनी एक कारण दिले. 'दोन वेळा दात घासा' हा निरोप मी कधी कोणास पाठवला होता काय? त्यात काय नवल!

दातांच्या बाबतीत तोंडी शब्दाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. आपल्या देशात दंतवैद्याने गिऱ्हाईक ओढण्यासाठी जाहिरात करणे त्यांच्या आचारसंहितेस मान्य नाही. २०१४ च्या सुधारित नियमांतही ते बंधन आहे. मग रुग्णाने चांगला वैद्य ओळखावा कसा? कोणी सांगेल त्यावरून. दंतमंजन विकणाऱ्यास असे बंधन नाही, तरी त्यांचाही आरंभ पुष्कळदा दारापासून होतो. केशव पेंढारकरांनी १९५२ साली मुंबईस विको कंपनी काढली, तेव्हा वज्रदंतीची पूड घरोघर फिरून विकली जात असे. उंबरठ्यावर उभा राहून जो पूड देतो तो पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच उंबरठ्यावर येणार असतो; तोवर हिरड्या सुजल्या तर गृहिणी त्यास जाब विचारणारच. चित्रफितीतल्या त्या गृहस्थास मामी कोठे गाठणार?

ताईच्या प्रश्नावलीतून काही मोठे सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही. तो अभ्यास लहान होता व निम्मी उत्तरे मीच उतरवली होती. मात्र तिने वाचलेल्या निबंधांपैकी दोहोंनी मला विचारात पाडले. २००४ साली एका जर्मन अभ्यासात, लोक इंटरनेटवर अभिप्राय लिहितात तरी कशासाठी, याचा शोध घेतला होता. इतरांची काळजी, चार लोकांत मिसळण्याची हौस, स्वतःचे महत्त्व वाढवण्याची इच्छा आणि मोबदला, अशी कारणे त्यात निघाली. सोळा अंगठे मोजणारा मी यांपैकी कोणत्या वर्गात बसतो, हे ताईने मला विचारले नाही, एवढे तिचे उपकार. दुसरा निबंध २००६ सालचा, पुस्तकांवरील अभिप्रायांविषयी: पाच तारे मिळाल्याने खप जितका वाढतो, त्याहून एका ताऱ्याने तो अधिक घटतो. म्हणूनच तारे विकत घेण्याचा व्यापार निघाला असावा. त्यास आळा घालण्यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ च्या नोव्हेंबरात ऑनलाइन अभिप्रायांसाठी एक मानकही जाहीर केले.

मामींस ताई दंतवैद्याकडे घेऊन गेली. लिंबू बंद झाले, मऊ कुंचला व एक मलम मिळाले. त्या रात्री जेवणे झाल्यावर ताईने गमतीने विजेरी घेऊन घरातल्या सर्वांची तोंडे तपासली. माझी एक दाढ किडलेली निघाली. मामांच्या दातांवर पानाचे डाग होते. सगळे हसत होते. आजीच्या तोंडापाशी येताच मात्र ताईचे हसणे थांबले.

खालच्या ओठाच्या कोपऱ्यापासून आत गालाकडे, नेमकी ज्या जागी आजी मिसरी धरते तेथे, चुन्याचे बोट पुसावे तसा एक पांढरा चट्टा होता. ताईने कापडाने पुसून पाहिले, तो जाईना.

मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईतो भाजून कुटलेली तंबाखू. कोणी तीस मशेरी म्हणतात. गुजराती बायका बजर लावतात, तीही तंबाखूच. आजी खानदेशातली. बाराव्या-तेराव्या वर्षी तिचा लग्नानंतर दात दुखू लागला, तेव्हा सासूने मिसरीची चिमूट हातावर ठेवून सांगितले, "लाव, दात मजबूत होतात." कोणत्याही कंपनीने आजीस ती जाहिरात दाखवली नव्हती. एका मायेच्या माणसाने सांगितले आणि साठ वर्षे ते चालले. माझ्या लिंबास दोनच महिने मिळाले होते.

"दुखत नाही, खुपत नाही, मग वैद्य कशाला?" आजीने विचारले. ताईने भ्रमणध्वनी काढून एका दवाखान्याचे तारे दाखवले, अभिप्राय मोठ्याने वाचले, चारशे लोकांनी चांगले म्हटले आहे असे सांगितले. आजीने शांतपणे ऐकून घेतले. "त्या चारशेंत आपल्या ओळखीचा एक तरी आहे का?" ती म्हणाली. ताई निरुत्तर झाली. व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थिनीस निरुत्तर करणारा तो प्रश्न मी वहीत उतरून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही स्वराज आश्रमात गेलो. सरकारने सारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला तेव्हा १९२८ साली या तालुक्याने तो भरण्यास नकार दिला. जप्तीची टोळी आली की ढोल वाजत, दारे बंद होत. जुगतराम दवे यांच्याकडे 'सत्याग्रह पत्रिका' काढण्याचे काम होते. ज्यास वाचता येई त्याने वाचून दाखवायचे, इतरांनी ऐकायचे, अशी त्या काळची रीत. अमक्या गावाने सारा भरला अशी एक आवई जरी टिकली असती, तरी शेजारचे गाव डळमळले असते. लढा ऑगस्टपर्यंत टिकला; चौकशीअंती वाढ सहा टक्क्यांवर आली. पत्रिका वाचून दाखवणाऱ्यास सारे गाव ओळखत असेल, एवढाच विचार त्या दिवशी माझ्या मनात राहिला. बाकीची टिपणे वहीत तशीच आहेत.

दिवाळी उलटली आणि ऊसतोड करणारी माणसे आली. दरवर्षी ती धुळे-नंदुरबारकडून व डांगातून येतात. नवरा-बायकोच्या जोडीस येथे 'कोयता' असेच म्हणतात. माणसाचे नाव हत्याराने घ्यावे हे मला बरे वाटत नाही. हॉलंडचे समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी याच मजुरांच्या जिण्यावर वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. मामांचे घर गावाच्या कडेला असल्याने त्यांच्यातल्या काही बायका आमच्या नळावर पाणी भरावयास येतात, आणि आजीचे सारे वर्ष जणू त्यांचीच वाट पाहण्यात जाते; कारण त्यांच्याशी तिला अहिराणीत बोलता येते. त्यांतली एक हंडा उतरवून ओट्यावर टेकली. आजीने सवयीप्रमाणे मिसरीची डबी पुढे केली. तिने ती घेतली नाही. तिच्या जावेला असाच पांढरा डाग होता, तोही दुखत नव्हता. वर्ष-दोन वर्षे कोणी पाहिले नाही, आणि मग तोंड उघडेना, घास जाईना. पुढचे तिने सांगितले नाही. हंडा डोक्यावर घेताना ती एवढेच म्हणाली, "तोंड दखाडी ये, माय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी धुवट लुगडे नेसून दारात बसली होती. "चला," ती ताईस म्हणाली.

या प्रसंगानंतर ताईने जे संशोधन शोधून काढले, ते तिच्या प्रबंधाच्या आरंभी तिने घातले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग होता. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात गावोगाव, घरोघर जाऊन लोकांची तोंडे तपासली. पाच जिल्ह्यांतल्या ५०,९१५ खेडुतांची तपासणी १९६९ साली प्रसिद्ध झाली. त्यांत गुजरातचा भावनगर जिल्हा होता. १९७२ साली महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांचा अहवाल निघाला. तोंडाचा कर्करोग व त्याआधी येणारे पांढरे चट्टे तंबाखू वापरणाऱ्यांतच मुख्यत्वे दिसतात, हे त्यांतून स्पष्ट झाले. मग त्यांनी पुढचा प्रश्न घेतला: सांगून माणूस तंबाखू सोडतो काय? भावनगर, एर्नाकुलम आणि श्रीकाकुलम या जिल्ह्यांतील ३६,००० हून अधिक तंबाखू वापरणाऱ्यांस तपासणीच्या वेळी समोर बसवून समजावले गेले. जोडीस चित्रपट, भित्तिपत्रके, वर्तमानपत्रे होतीच. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा पूर्वीच्या, फारसे न समजावलेल्या गटापेक्षा यांच्यात तंबाखू सोडणारे अधिक आणि नवे चट्टे उमटणारे कमी निघाले. तरीही न सोडणारे पुष्कळ होते, हे ताईने मुद्दाम माझ्या लक्षात आणून दिले. मला त्या अहवालातले आकडे तितके आठवत नाहीत, जितकी ती कल्पना आठवते: कोणी शिकलेला माणूस धुळीच्या रस्त्याने एका झोपडीपाशी येतो, वाकून एका म्हातारीच्या तोंडात पाहतो, आणि पाहिल्यावर तिच्याशी बोलतो.

आजीस वैद्यांनी मिसरी बंद करून दोन आठवड्यांनी बोलावले. चट्टा लहान झाला, पण गेला नाही. मग सुरतेस नेऊन त्याचा बारीक तुकडा काढून तपासला. ते आठ दिवस घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. मी तोवर नवापुरास परतलो होतो आणि ताईच्या फोनची वाट पाहत होतो. कर्करोग नाही, असा निर्णय आला. तरी दर तीन महिन्यांनी दाखवावयाचे आहे. मिसरीवाचून आजीस पहिले काही दिवस झोप लागली नाही. ती डबीत बडीशेप भरून ठेवू लागली. मध्ये एकदा तिने चोरून मिसरी लावली, असे मामी सांगतात. आजी ते नाकारते.

मी कुटुंबाच्या गटावर दुसरा निरोप लिहिला. लिंबाची चित्रफीत मी न पडताळता पाठवली होती, ती चुकीची आहे, त्याने दात झिजतात, ज्यांना ती पुढे पाठवली असेल त्यांनाही हे कळवावे, असे चार ओळींत होते. पाठवण्यापूर्वी मी ते तीनदा वाचले. त्यावर दोन अंगठे आले. एक मामींचा होता. दुसरा मामांच्या फोनवरून आला होता. चौकशी केली तेव्हा कळले की ताईने तो निरोप आजीस वाचून दाखवला, आणि अंगठा कोठे दाबायचा ते तिने विचारून घेतले.